उतारा

बत्तीस गळीत हंगाम
मी उसाची साखर मोजली.
समडोळीहून आधी सायकल, मग लुना,
लॅबच्या दारात चपला,
नळीत रस, डोळ्याला पोलॅरिमीटर.
उतारा बारा पॉइंट चार आला त्या वर्षी
चेअरमननी पेढे वाटले,
फलकावर आकडा मीच लिहिला खडूनं,
चाराची शेपटी जरा लांब ओढून.

परवा मिरजेत चौगुले डॉक्टरीणबाईंनी
कागद माझ्याकडं सरकवला.
तीन महिन्यांची सरासरी नऊ पॉइंट चार.
आयुष्यात पहिल्यांदा उतारा चढला
आणि कुणी पेढे वाटले नाहीत.

"मगदूम, साखर खाता?"
"चहातली सोडली. सहा वर्षं झाली."
"आणि भात?"
भाताला कुठं गोडी असते, बाई?
"घरी जाऊन एक घास तोंडात धरा.
गिळू नका. चावत राहा."
धरला. शंभर मोजले.
जिभेच्या बुडाशी हळूच गोड पाझर सुटला.
इतकी वर्षं तोंडातच कारखाना चालू,
आणि केमिस्टला पत्ता नाही.

मला कारखान्याच्याच भाषेत कळतं.
रक्त म्हणजे गव्हाणीकडं जाणारा रस्ता.
जेवलं की ट्रॉल्या निघतात, एकामागं एक.
गेटवर चिठ्ठी फाडणारा माणूस, इन्सुलिन नावाचा,
एकेक आत सोडतो, दंडात, पोटरीत, यकृतात.
माझ्या गेटवर तीस वर्षं एवढा माल आला,
रात्रपाळीचा भात, वर चहा-बिस्किट,
वर कुणाच्या तरी लग्नाची जिलेबी,
की तो ओरडून ओरडून बसला
आणि आतल्यांनी कड्या लावून घेतल्या.
आता रांग रस्त्यातच.
रस्ता चिकट,
आत बॉयलर उपाशी.
म्हणून भरल्या पोटी दमणूक,
म्हणून रात्रीतनं चारदा उठणं,
म्हणून पायाची करंगळी
माझी असून पाहुणीसारखी.

"चोथा खा," म्हणाल्या.
हयात गेली माझी रसातनं चोथा काढण्यात!
चिपाडात जरा गोडी राहिली
तर फिटरशी भांडलोय मी.
आता कळतं,
चोथा रसाचं बोट धरतो,
बाजारात पळू देत नाही.
शाळूची भाकरी, मटकी, अंबाडीची भाजी,
आईचं ताट तेच होतं,
आणि दिवस मावळायच्या आत अंथऊ.
तिचा तो धर्म. तिला कुणी कागद दिला नव्हता.

मग मी हट्टाला पेटलो.
भाकरी बंद, भात बंद,
गोळी मात्र घड्याळ लावून.
अकराव्या दिवशी पहाटे
अंग घामानं निथळलं,
हात लटपटले, एका पंख्याचे दोन झाले,
आणि शेजारी निजलेल्या बाईचं
नाव आठवेना.
तिनं काही विचारलं नाही.
डब्यातला गुळाचा खडा दातांत सारला.
"गप चोखा. बोलायचं मागनं."
पंखा एक झाला.
खिडकी जागेवर आली.
मग नाव आलं. सुगंधा.
म्हटलं तर ती हसली, आणि मग रडली.

बाई रागावल्या,
"गेट बंद करा कुणी सांगितलं?
रांग कमी करा म्हटलं होतं."

आता एक भाकरी, मूठभर भात, आधी काकडी.
जेवून वारणेपर्यंत चालतो.
चालत्या पोटरीला म्हणे चिठ्ठी लागत नाही,
तिचं दार ती आपणच उघडते.
काल वाटेत ट्रॉलीतनं एक ऊस पडला,
दोनशे पासष्ट, कांडी लांब, चांगला पिकलेला.
उचलला. बुडखा हुंगला.
ब्रिक्स वीस. फार तर एकवीस.
बांधावर उभा करून ठेवला,
शाळेची पोरं येतात त्या वाटेनं,
आणि पुढं निघालो,
करंगळी वाळूत टेकते का बघत.